जिन्याखालच्या बाईंचा अहवाल

सेवापुस्तकातल्या नोंदीनुसार सदर व्यक्ती स्त्री असून वय वर्षे त्रेपन्न. पदनाम: सहायक शिक्षिका (विशेष गरजा), तात्पुरती. तात्पुरतेपणाचा कालावधी: एकोणीस वर्षे, चालू. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीवर सुई घुसल्याचा जुना व्रण. कामाचे ठिकाण: संसाधन कक्ष क्रमांक एक. (कक्ष क्रमांक दोन कुठे आहे, याची नोंद आढळत नाही.) कामाचे स्वरूप: विद्यार्थ्यांना त्यांच्या वैयक्तिक गरजेनुसार शैक्षणिक सहाय्य पुरविणे, तसेच मुख्याध्यापक सांगतील ती इतर कामे. वर्तणूक: समाधानकारक.

नोंदीत खोटं काही नाही. फक्त संसाधन कक्ष म्हणजे शाळेच्या मुख्य जिन्याखालची तिरकी जागा, एवढं लिहायचं राहून गेलंय. एका टोकाला माणूस ताठ उभा राहू शकतो, दुसऱ्या टोकाला फक्त पाचवीपर्यंतची मुलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली की डोक्यावरून साडेसहाशे पोरं धडधडत उतरतात. तेवढा वेळ आत कुणी शिकवत नाही, कुणी शिकत नाही. सगळे आपापल्या वहीवर पडलेला चुना झटकत बसतात. या जागेवरून शाळेत त्यांना सगळे ‘जिन्याखालच्या बाई’ म्हणतात. मुलं तोंडावर म्हणतात, शिक्षक पाठीमागे.

बाई मूळच्या शिवणाच्या. एका वर्षी शाळेतून शिवण हा विषय गेला, यंत्रं अडगळीत गेली आणि बाई ‘अतिरिक्त’ ठरल्या. अतिरिक्त माणसाला काढायचं तर कारण लिहावं लागतं आणि ठेवायचं तर काम लिहावं लागतं. त्याच आठवड्यात वरून पत्र आलं की प्रत्येक शाळेत विशेष गरजांसाठी एक शिक्षक नेमावा. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी कुणाचे हात रिकामे आहेत ते पाहिलं. दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यातला पहिला दिवस उद्घाटनाचा आणि शेवटचा समारोपाचा. उरलेल्या आठांत तीन दिवस वक्ते आले नाहीत. अशा रीतीने बाई विशेष झाल्या.

गंमत अशी की प्रशिक्षणाच्या जाडजूड पुस्तकात जे सापडत नव्हतं ते शिवणाच्या बाईला आधीपासून ठाऊक होतं. चाळीस जणांना एकाच मापाचा सदरा शिवायचा आणि ज्याला तो होत नाही त्याचंच अंग चुकलंय म्हणायचं, असा शिंपी कुठल्याही बाजारात आठवडाभर टिकणार नाही. शाळा शंभर-शंभर वर्षं टिकतात. वर त्यांचे शतकमहोत्सव होतात.

बाईंनी पहिला महिना काही शिकवलंच नाही. नुसती मापं घेतली. म्हणजे वर्गाच्या मागे बसून बघितलं. चौथीतली एक मुलगी हाक मारली तरी वळत नाही, उर्मट आहे, असा बोभाटा होता. ती एका कानाने ठार बहिरी निघाली आणि तिचा चांगला कान इतकी वर्षं रस्त्याकडच्या खिडकीला लावलेला होता. बाईंनी तिला उचलून दुसऱ्या भिंतीकडे बसवलं. उपचार संपला. सहावीतल्या एकाचे पाय जागेवर ठरत नव्हते, म्हणून त्याला रोज उभं करायचे. मग ते आणखीच ठरायचे नाहीत. बाईंनी त्याच्या खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली. मग तो तास-तास त्या ट्यूबशी पायांनी झटापट करत बसायचा आणि वर डोकं शांतपणे बेरजा करायचं.

शिक्षकांच्या खोलीत या कामाला मान होता असं म्हणता येणार नाही.

“काय बाई, तुमच्या दवाखान्यात आज किती पेशंट?” गणिताचे सर रोज विचारायचे. रोज तोच विनोद करायचा तर माणसाकडे चिकाटी लागते, ती त्यांच्याकडे होती.

“अकरा. त्यातले सात तुमच्या वर्गातले. तिकडे काहीतरी साथ दिसतेय.”

“मी सगळ्यांना सारखं वागवतो. कुणालाच वेगळं काही देत नाही.”

“ते दिसतंय, सर. सातही जणांना तुम्ही सारखंच काही दिलेलं नाही.”

सर हसले. राग आला की ते हसायचे. मग चहा गार झाल्याची तक्रार करायचे.

या अकरांतली एक म्हणजे कुलूपवाल्याची थोरली. बाजाराच्या तोंडाशी दरवाजाएवढ्या रुंदीचं दुकान आहे, त्यात तिचा बाप किल्ल्या बनवतो. मुलगी बाराव्या वर्षी पहिल्यांदा जिन्याखाली आली तेव्हा तिच्या रोजवहीत वर्गशिक्षिकेने तीन शेरे मारले होते: आळशी आहे, लक्ष नसते, घरी अभ्यास घेतला जात नाही. तीनही चूक. एवढं सरसकट चुकायलाही कसब लागतं. मुलगी एकदा ऐकलेला धडा तोंडी म्हणून दाखवायची, तोही शिकवणाऱ्यांच्या खोकल्यासकट. बापाच्या दुकानातलं कुठलंही कुलूप खोलून परत जोडायची. फक्त तिला वाचता येत नव्हतं.

“अक्षरं थांबत नाहीत, बाई,” ती म्हणाली. “मी एकीकडे बघते तोवर दुसरं सरकतं.”

“मग आपण त्यांना कोंडू,” बाई म्हणाल्या आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून दिली. पुठ्ठा पानावर ठेवायचा, खिडकीतून एकच ओळ दिसते, बाकीची गर्दी झाकली जाते. पहिल्या दिवशी मिनिटाला नऊ शब्द झाले. त्या नवांत दोन अंदाजाने होते.

तीन वर्षं, रोज अर्धा तास. या काळात मुलीने बाईंना आठ प्रकारची कुलपं शिकवली आणि बाईंनी मुलीला जोडाक्षरं. परीक्षेत तिला नियमाप्रमाणे एक वाचनीस मिळायचा, म्हणजे तिच्या शेजारी बसून प्रश्न वाचून दाखवणारा माणूस, आणि तासामागे वीस मिनिटं जास्त. उत्तरं तिची तीच लिहायची, वेडीवाकडी पण बरोबर. ती दरवर्षी पास होत गेली. यंदा शाळेची शेवटची परीक्षा होती. ती पास झाली तर तंत्रशाळेत यंत्रदुरुस्तीच्या वर्गाला जागा मिळत होती. तिथल्या मास्तरांनी तिला एक बिघडलेलं कुलूप हातात देऊन बघितलं होतं आणि मग फक्त एवढंच म्हणाले होते, “तेवढा पासाचा कागद आण.”

आणि नेमकी इथेच बाईंनी चूक केली. प्रत्येक मुलाचा वार्षिक अहवाल मूल्यमापन कचेरीत जातो. बाकीच्या शाळांचे विशेष शिक्षक त्यात दरवर्षी तेच लिहितात: ‘प्रयत्न चालू आहेत.’ बाईही लिहायच्या. यंदा त्यांना राहवलं नाही. त्यांनी चार पानं लिहिली. मुलगी नवावरून मिनिटाला एक्केचाळीस शब्दांवर आली, स्वतःहून दुकानाच्या पाट्या वाचते, धाकट्या बहिणीला गोष्ट वाचून दाखवते, सगळं लिहिलं. मूळच्या शिवणाच्या बाईला वाटलं, टीप चांगली पडली असेल तर कापड उलटं करूनही दाखवावं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मुख्याध्यापक पत्र हातात घेऊन स्वतः जिन्याखाली आले, वाकून.

“अभिनंदन, बाई. तुमचं कौतुक केलंय.”

बाईंनी पत्र वाचलं. चाळीस शब्दांच्या वर वाचनगती गेलेली असल्याने सदर विद्यार्थिनीची प्रगती समाधानकारक आहे. सबब तिची विशेष गरज संपुष्टात आली असून वाचनीस व जादा वेळ या सवलती तात्काळ बंद करण्यात येत आहेत.

“सर, परीक्षेला अठरा दिवस राहिलेत.”

“पण प्रगती समाधानकारक आहे, असं म्हटलंय.”

“इतिहासाची प्रश्नपत्रिका किती शब्दांची असते? मी मोजलेत. सोळाशे. एक्केचाळीसने भागा. नुसते प्रश्न वाचण्यात तिची चाळीस मिनिटं जाणार. बाकीची मुलं सात-आठ मिनिटांत वाचून मोकळी. आणि चाळिसाव्या मिनिटाला तिला धाप लागलेली असेल.”

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा नुसता घाबरट होता. “वरून आलंय, बाई,” ते म्हणाले आणि सरळ उभे राहायला गेले. डोकं वर आपटलं.

दुसऱ्या दिवशी बाई कचेरीत गेल्या. अधिकारी टापटिपीचे होते. टेबलावर एकही कागद नव्हता, कारण सगळे कागद शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाच्या हातात होते. बाईंनी अर्ज पुढे केला. साहेबांनी तो न बघताच कारकुनाकडे सरकवला.

“वाचा.”

कारकुनाने अर्ज मोठ्याने वाचला. साहेब डोळे मिटून ऐकत होते.

“तो मधला भाग पुन्हा.”

कारकुनाने मधला भाग पुन्हा वाचला. एका ठिकाणी अडखळला तर थांबला, नीट लावून घेतलं, पुढे गेला. कुणालाही घाई नव्हती. भिंतीवरचं घड्याळही इथे जरा जपूनच चालत असावं.

“बाई,” साहेब डोळे उघडून म्हणाले, “हे तर तुमचं यश आहे. तुम्ही तक्रार कशाची करताय?”

“साहेब, तुम्ही स्वतः का नाही वाचला?”

“काय?”

“अर्ज. एक पान होतं.”

“मी वाचत नाही. मला वाचून दाखवतात. दिवसाला शंभर कागद येतात. ही इथली पद्धत आहे.”

“आणि समजा हे भाऊसाहेब रजेवर गेले?”

“तर कामं खोळंबतात.”

“तिचीही खोळंबणार आहेत. फक्त तिला तीन तासच आहेत, आणि खोळंबली की नापास म्हणतात.”

कारकून खिडकीबाहेर बघायला लागला. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. आपल्याविषयी काही बोललं जातंय असं त्यांना किंचितही वाटलं नव्हतं; काही माणसांना ही देणगी असते.

“नियम माझा नाही,” ते म्हणाले. “चाळीसच्या वर सहाय्य बंद. एक्केचाळीस तुम्हीच लिहिलंत. आता अहवालात काही दुरुस्ती असेल तर सुधारित अहवाल घेता येतो. सात दिवसांत. विद्यार्थिनी आणि पालक यांनी स्वतः वाचून सही केलेला.” आणि कारकुनाला म्हणाले, “पुढचा वाचा.”

बाई घरी आल्या त्या तणतणतच. घरी त्यांची नणंद असते, वयाने मोठी. ती चौतीस वर्षं न्यायालयात टंकलेखक होती. सरकारी कागद तिने लिहिले नाहीत असं नाही, पण त्याहून जास्त उलगडलेत. तिने पत्र एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचलं.

“वहिनी, तू वेडी आहेस का गं? चार पानं? कचेरीत चार पानं कुणी लिहितं?”

“खरं होतं ते, ताई.”

“खरं होतं म्हणून तर. खऱ्याला तिथे रकानाच नाही. तिथे दोनच रकाने असतात: गरज आहे, गरज नाही. मुलगी सुधारली म्हणालीस की दुसऱ्या रकान्यात. मदत चालू आहे म्हणून ती सुधारली, हे लिहायला जागा कुठेय? मला दाखव.”

जागा नव्हती.

“म्हणजे मुलीला मदत हवी असेल तर मदतीचा उपयोग होत नाही असं लिहायचं?”

“आत्ता कळलं तुला. एकोणीस वर्षं काय ट्यूबा बांधत होतीस? लिही: प्रगती नाही.”

“ताई, तिला स्वतःला वाचून सही करायचीय त्यावर. ती वाचेल ते.”

नणंदेने पत्र पालथं ठेवलं. मग म्हणाली, “जेवून घे आधी.”

बाईंना रात्रभर काय वाटलं ते कुठल्याही नोंदीत नाही. सकाळी त्यांनी सुधारित अहवाल लिहिला. एकच पान. वाचनगती मोजताना चूक झाली होती. प्रत्यक्षात ती नऊ आहे. तीन वर्षांच्या सहाय्यानंतरही प्रगती नाही. एकोणीस वर्षांत बाईंनी एकाही मुलाबद्दल असं लिहिलं नव्हतं. वर्गशिक्षिकांच्या रोजवह्यांतले असे शेरे पुसण्यातच त्यांची सगळी नोकरी खर्ची पडली होती, आणि आता तसलाच एक त्यांच्या हाताने, त्यांच्या अक्षरात, नेटका समास सोडून लिहिला गेला होता.

दुपारी मुलगी आणि तिचा बाप जिन्याखाली आले. बाप उंच, त्याला तिरक्या बाजूला उकिडवं बसावं लागलं. बाईंनी सगळं उघड सांगितलं: पत्र, कचेरी, चाळीसचा आकडा, आणि हा कागद. काही लपवलं नाही.

बापाने कागद आधी वाचला. मग घडी घातली. पुन्हा उलगडला.

“बाई, रागावू नका. पण एखादं कुलूप मी उघडलं तर गिऱ्हाइकाला ‘उघडलं नाही’ असं लिहून देत नाही.”

“मीही देत नाही. म्हणूनच ही वेळ आली.”

“माझी पोरगी शून्य आहे हा कागद कचेरीत कायम राहणार?”

“कायम.”

“आणि नाही दिला तर?”

“तर परीक्षेत ती एकटी बसेल. तुम्ही तिला रोज ऐकता. तुम्हीच सांगा.”

मुलीने हात पुढे केला. “मला द्या. मलाच वाचून सही करायचीय ना?”

“मी वाचून दाखवते,” बाई घाईने म्हणाल्या.

“नको. स्वतः वाचून, असं लिहिलंय. तुम्हीच म्हणालात.”

तिने दप्तरातून पुठ्ठा काढला, कागदावर ठेवला आणि बोटाने खिडकी सरकवत मोठ्याने वाचायला लागली. एकेक ओळ. ‘वि-द्या-र्थि-नी-ची.’ ‘प्रत्य-क्षा-त.’ जोडाक्षर आलं की थांबायची, ओठांत फिरवायची, मग सोडायची. बाई समोर बसून ऐकत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं वाचन कधी थांबवलं नव्हतं. आज थांबवावं असं वाटत होतं, आणि ती एकही चूक करत नव्हती. ‘तीन वर्षांच्या स-हा-य्या-नंतरही.’ पुठ्ठा शेवटच्या ओळीवर आला. ‘प्र-ग-ती. नाही.’

वर कुणीतरी एकट्याने जिना उतरलं, सावकाश.

“संपलं,” मुलगी म्हणाली. “बाई, ‘सहाय्य’ मी एका दमात नाही वाचलं. बाकी बरोबर होतं ना?”

“सगळं बरोबर होतं.”

“आणि कागद खोटा आहे.”

“हो. कागद खोटा आहे. तू नाहीस.”

मुलीने जरा विचार केला. रागाने तिचे कान लाल झाले होते, पण आवाज व्यवहाराचा होता, दुकानातला. “मग सही करू की अंगठा लावू? असल्या पोरीला अंगठाच शोभेल.”

बाप पहिल्यांदा हसला. मग त्याने तोंड फिरवून जिन्याच्या खालच्या पायरीकडे बराच वेळ बघितलं, जणू तिथे काही दुरुस्तीचं काम निघालंय.

“सही कर,” बाई म्हणाल्या. “पूर्ण नाव. मोठ्या अक्षरात.”

तिने केली. बापाने केली. शेवटी बाईंनी केली, आणि ती नेहमीसारखी आली नाही.

कचेरीत तो कागद साहेबांना वाचून दाखवण्यात आला असणार. चौथ्या दिवशी उत्तर आलं. सदर विद्यार्थिनीत कोणतीही प्रगती आढळत नसल्याने वाचनीस व जादा वेळ पूर्ववत मंजूर. पत्राची भाषा या वेळी जास्त खुशीची होती. गरज सिद्ध झाली की कचेरीला एक प्रकारचं समाधान मिळतं. मुख्याध्यापक पुन्हा वाकून आले.

“बघा, झालं ना काम. तुम्ही उगाच त्रागा करत होतात.”

बाईंनी पत्र फायलीला लावलं. ते जाताना मात्र वाकूनच गेले.

परीक्षा झाली. मुलगी वेगळ्या खोलीत बसली. वाचनीस म्हणून एक निवृत्त ग्रंथपाल आल्या होत्या. त्यांना प्रश्न दोनदा वाचायची सवय होती, आणि ती चांगली सवय निघाली. इतिहासाच्या दिवशी मुलीने जादा वेळातली शेवटची मिनिटंसुद्धा वापरली. बाहेर आली तेव्हा बोटं शाईने माखली होती. “सगळं लिहिलं,” एवढंच म्हणाली. बाईंनी पुढे विचारलं नाही.

निकालाच्या आठवड्यात शाळेत दोन लिफाफे आले. एक कचेरीचा, शिक्कामोर्तब केलेला, बाईंच्या नावाने. त्यात म्हटलं होतं: उपरोक्त शिक्षिकेने सादर केलेल्या सुधारित अहवालावरून असे निदर्शनास येते की, तीन वर्षांच्या नियमित सहाय्यानंतरही संबंधित विद्यार्थिनीत कोणतीही प्रगती घडवून आणण्यात त्या असमर्थ ठरल्या आहेत. सबब त्यांना लेखी समज देण्यात येत असून सेवापुस्तकातील वर्तणुकीच्या नोंदीत त्यानुसार बदल करण्यात येत आहे. तसेच संसाधन कक्ष क्रमांक एकची उपयुक्तता सिद्ध होत नसल्याने तो चालू ठेवण्याबाबत फेरविचार करण्यात यावा.

दुसऱ्या लिफाफ्यात निकालपत्रक होतं. कुलूपवाल्याची थोरली सगळ्या विषयांत पास झाली होती.